डगमगणाऱ्या दुर्बिणीला घरी बनवलेली बैठक

दुर्बिणीत चंद्राची कड आणा, नळीच्या पुढच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारा आणि थरथर थांबेपर्यंत मनात सेकंद मोजा. एक-दोन सेकंदांत चित्र शांत झालं, तर दुर्बिणीची बैठक ठीक आहे. आकडा पाच-सहाच्या पुढे गेला, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अशा वेळी बहुतेक जण आरशाला किंवा आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) दोष देतात आणि नवीन आयपीस विकत घेतात. पैसे जातात, थरथर राहते.

मी इथे उदाहरण घेतोय ते ११४ मिमी आरसा आणि ९०० मिमी नाभीय अंतर असलेल्या परावर्तक दुर्बिणीचं, कारण नवशिक्यांच्या घरी बऱ्याचदा हीच असते. आरसा चांगला, नळी ठाकठीक, आणि खाली ॲल्युमिनियमच्या पातळ पायांची काडीपैलवान तिपाई. १० मिमीचा आयपीस लावला की ही दुर्बीण ९० पट मोठं दाखवते. पण ती चंद्राबरोबर थरथरसुद्धा ९० पट मोठी करते. हिशोब करून बघा. नळीचं टोक टेकूपासून ४५ सेमी लांब आहे. ते जेमतेम कागदाच्या जाडीइतकं, म्हणजे ०.१३ मिमी हललं, तर नळी एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, फिरते. आयपीसमधून तीच हालचाल दीड अंश दिसते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारे तीन पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवल्यासारखी. इतक्या उड्या मारणाऱ्या गुरूवर पट्टे कुठून दिसणार?

हत्यार हातात घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा. एकाने टिचकी मारायची आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर दोन बोटं ठेवायची: नळी आणि कडी, कडी आणि तिच्याखालची पट्टी, पट्टी आणि माउंटचं (तिपाईवर बसून नळी पेलणाऱ्या, फिरत्या भागाचं) डोकं, डोकं आणि तिपाई, तिपाईचे पाय. दोन भाग एकमेकांवर सरकताना बोटांना स्पष्ट जाणवतं. कधी कधी फक्त एक बोल्ट सैल निघतो आणि सगळा प्रकल्प पाच मिनिटांत संपतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

बोल्ट आवळूनही थरथर राहिली, तर एक नियम लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी मापं त्यातूनच येतात. पट्टी किंवा फळी वाकण्याविरुद्ध किती ताठ राहते, ते तिच्या जाडीच्या घनावर ठरतं. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. लांबीचं उलटं: आधारापासून दुप्पट लांब गेलात तर तेवढंच वजन तिला आठपट वाकवतं. म्हणून घरी काहीही बनवताना ते आखूड, जाड आणि रुंद टेकणारं बनवा. नाजूक, देखणं सामान दुकानाच्या काचेत शोभतं.

तिपाई दुरुस्त करायची की बैठकच बदलायची?

पाय पूर्ण बाहेर न काढता आखूड ठेवा, मधल्या थाळीला वाळूची पिशवी टांगा, सांध्यांत पत्र्याची चकती घाला. अशा उपायांनी फरक पडतो, पण अर्धाच. शिवाय या दुर्बिणींबरोबर येणाऱ्या विषुववृत्तीय माउंटची आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा, आणि पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंश वर, मुंबईत एकोणीस. बऱ्याच गच्च्यांवरून तो समोरच्या इमारतीमागे नाहीतर धुरकटात असतो. अक्ष इतका आडवा पाडला की प्रतिभाराचा दांडा तिपाईच्या पायाला आपटतो, ते वेगळंच. लांब एक्स्पोजरचे फोटो काढायचे असतील तर या माउंटला पर्याय नाही. डोळ्यांनी बघायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ते माउंट खोक्यात ठेवा आणि प्लायची डॉब्सनियन बैठक बनवा.

हे नाव जॉन डॉब्सन (१९१५-२०१४) यांच्यावरून आलं. १९४४ पासून १९६७ पर्यंत ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होते. टाकाऊ काच घासून आरसा करायचा, पुठ्ठ्याची नळी आणि लाकडाची पेटी घ्यायची आणि रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवायचा, हा त्यांचा उद्योग. मठ सुटल्यावर १९६८ मध्ये त्यांनी आणि सोबत्यांनी फुटपाथवर आकाश दाखवणाऱ्यांची संघटना काढली. त्यांच्या बैठकीत ना गिअर ना बेअरिंग. गुरुत्वाकर्षण पेटीला खाली दाबतं आणि घर्षण तिला जागेवर धरतं. बस.

सामान

१८ मिमी आणि १२ मिमी प्लाय. अख्खी आठ बाय चार फुटी शीट घेऊ नका. फर्निचरचं काम चालू असलेल्या सुताराकडे तुकडे मिळतात. फक्त ग्रेड विचारा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, सगळ्यात उत्तम. आयएस ३०३ मधलं बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारंही चालतं. साधं एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं प्लाय एका पावसाळ्यात कडेने फुगतं. त्याशिवाय ५ मिमी जाडीचा टेफ्लॉनचा तुकडा, खरखरीत पोताचा सनमायका, ड्रेनेजच्या १६० मिमी पीव्हीसी पाइपची सपाट तोंडाची दोन टोपणं, एक १० मिमी बोल्ट, मोठे वायसर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा), काळे स्क्रू आणि पाण्याला टिकणारा फेविकॉल. हे सगळं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत एका फेरीत जमतं. टेफ्लॉन हार्डवेअरवाल्याकडे नसेल तर इंजिनिअरिंग प्लास्टिक विकणाऱ्याकडे विचारा. पांढरा म्हणून नायलॉनचा तुकडा गळ्यात मारून घेऊ नका. टेफ्लॉन नखाने ओरखडता येतो आणि हाताला मेणचट लागतो.

नळीची पेटी

इथून पुढची मापं माझ्या नळीची आहेत, बाहेरचा व्यास १४० मिमी. तुमची नळी मोजा आणि त्या फरकाने आकडे बदला.

नळीभोवती १२ मिमी प्लायची चौकोनी पेटी बसवायची, लांबी २२ सेमी. आतून जुन्या घोंगडीची ३ मिमी पट्टी चिकटवणार, म्हणून आतलं माप १४६ मिमी. दोन फळ्या १४६ मिमी रुंद, दोन १७० मिमी रुंद. पेटी बाहेरून १७० बाय १७० होते. तीन बाजू फेविकॉल आणि स्क्रूने पक्क्या करा. चौथी बाजू बटरफ्लाय नटांनी आवळायची ठेवा, म्हणजे ती सैल करून नळी पुढे-मागे सरकवता येते आणि आयपीस सोयीच्या दिशेला फिरवता येतो. कारखान्यातल्या दोन बारीक कड्यांपेक्षा ही पेटी नळीला चांगली धरते, कारण ती २२ सेमी लांबीभर टेकते.

आता तोल काढा. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि नेहमीचा आयपीस लावून नळी पेटीसकट एका गोल दांड्यावर आडवी ठेवा. ती सरळ राहील ती जागा पेटीच्या बरोबर मध्यावर यायला हवी. माझ्या नळीत हा बिंदू मागच्या टोकापासून ४० सेमीवर आला. पेटीच्या दोन्ही बाजूंना त्या मध्यावर पीव्हीसी टोपणं स्क्रूने लावा, सपाट तोंड पेटीकडे, स्क्रू आतून. दोन्ही टोपणांचे मध्य एका रेषेत हवेत. पेटीला आरपार ३ मिमीचं भोक पाडलं तर नळी घुसवताना त्रास होतो, म्हणून दोन्ही फळ्या जोडण्याआधीच एकावर एक ठेवून एकदम भोक पाडा.

डुलती पेटी

नळीची पेटी जिच्यात टोपणांवर डुलते ती ही बाहेरची पेटी. हे काम घाईने होणारं नाही. कापण्याआधी पुठ्ठ्याच्या खोक्यातून सगळं खऱ्या मापात बनवून बघा. एक रविवार जाईल, पण प्लाय वाचेल.

पहिला प्रश्न उंचीचा. नळी उभी-आडवी फिरताना मागचं टोक तळाला लागता कामा नये. अक्षापासून, म्हणजे टोपणांच्या मध्यापासून, मागच्या टोकाचा कोपरा किती लांब? पायथागोरस: ४०० चा वर्ग अधिक ७० चा वर्ग, त्याचं मूळ ४०६ मिमी. वर दोन-अडीच सेमी मोकळीक धरून अक्ष तळापासून ४३ सेमी वर ठेवायचा.

बाजूच्या दोन फळ्या १८ मिमी प्लायच्या, २५ सेमी रुंद, ३८ सेमी उंच. वरच्या कडेला टोपण बसेल अशी कमान कापायची. माझ्या टोपणांचा बाहेरचा व्यास १६८ मिमी, म्हणजे त्रिज्या ८४; त्यात टेफ्लॉनची जाडी ५ मिळवून कमानीची त्रिज्या ८९ मिमी. वर्तुळाचा मध्य फळीच्या वरच्या कडेपासून ५ सेमी वर, हवेत येतो; म्हणून वर दुसरी फळी टेकवून दोन्ही पकडीत आवळा आणि कंपासचं टोक त्या दुसऱ्या फळीवर रोवा. दोन्ही बाजू एकत्र जखडून जिग सॉने एकदम कापा. कमानी वेगवेगळ्या निघाल्या तर दुर्बीण एका अंगाला कलते.

प्रत्येक कमानीत टेफ्लॉनचे दोन तुकडे, मध्यापासून ३५-३५ अंशांवर, म्हणजे एकमेकांपासून साधारण साडेनऊ सेमी. टेफ्लॉनला कुठलाही गोंद नीट चिकटत नाही. छोटा स्क्रू मारा आणि त्याचं डोकं पृष्ठभागाच्या आत जाईल इतका खड्डा आधी पाडा. डोकं वर राहिलं तर ते पीव्हीसीला खरवडतं आणि दुर्बीण करकरते.

दोन बाजूंमधलं अंतर १७६ मिमी, म्हणजे नळीच्या पेटीला दोन्हीकडे ३ मिमी मोकळीक. समोरून २१२ मिमी रुंद आणि ३२ सेमी उंच फळी बाजूंच्या कडांवर बाहेरून ठोकायची. ही फळी शोभेची नाही. ती नसेल तर दोन्ही बाजू पत्त्यांच्या बंगल्यासारख्या डावी-उजवीकडे झुकतात. तिची उंची मात्र वाढवू नका, नाहीतर क्षितिजाजवळ बघताना नळीची पेटी तिच्यावर आदळेल. मागची बाजू उघडी राहते, कारण नळीचं बूड तिथूनच बाहेर येतं.

फिरता तळ

१८ मिमी प्लायच्या ४० सेमी व्यासाच्या दोन चकत्या कापा. वरच्या चकतीवर पेटी पक्की बसवा आणि तिच्या खालच्या तोंडाला सनमायका चिकटवा. खालच्या चकतीला तळातून तीन पाय द्या, कडेजवळ, १२०-१२० अंशांवर. तीनच, चार पायांतला एक नेहमी हवेत राहतो. आणि त्या तीन पायांच्या बरोबर डोक्यावर टेफ्लॉनचे तीन तुकडे. तुकडा पायावरून सरकला की मधला प्लाय वाकायला लागतो आणि जाडीच्या घनाचा सगळा फायदा वाया जातो.

टेफ्लॉनवर दर चौरस सेंटीमीटरला एक किलोच्या आसपास भार आला की हालचाल लोण्यासारखी होते. माझ्या दुर्बिणीचं आणि पेटीचं वजन मिळून १० किलो. तीन तुकड्यांवर सव्वातीन-साडेतीन किलो प्रत्येकी. म्हणून पावणेदोन सेंटीमीटरचा चौकोन पुरे. मोठा तुकडा लावला तर दुर्बीण अडकते, लहान लावला तर नुसत्या श्वासानेही फिरते. हा हिशोब पहिल्याच फटक्यात जमला नाही तरी हरकत नाही. तुकडा काढून कापता येतो.

सनमायक्याबद्दल माझी फजिती सांगून ठेवतो. पहिल्या वेळी घरी उरलेला चकचकीत सनमायका लावला. गुळगुळीत म्हणजे चांगला, अशी समजूत. झालं उलटंच: दुर्बीण जागची हलेना, जोर लावला की एकदम उडी मारून ग्रहाच्या पुढे जाई. चकचकीत पृष्ठभागाला टेफ्लॉन चिकटल्यासारखा बसतो. बारीक खरबरीत पोतावर तो फक्त उंचवट्यांवर टेकतो, आणि सुरू होतानाचं घर्षण व चालू असतानाचं घर्षण जवळजवळ सारखं राहतं. आपल्याला नेमकं तेच हवं असतं. ९० पटीला साध्या आयपीसमध्ये ग्रह साधारण दोन मिनिटांत दृश्यक्षेत्र ओलांडतो, १८० पटीला एका मिनिटात. म्हणजे रात्रभर दर मिनिटाला दुर्बीण केसभर ढकलायची आहे.

चकत्यांच्या मध्यातून १० मिमी बोल्ट जाऊ द्या, वर-खाली मोठे वायसर आणि नायलॉक नट. नट आवळायचा नाही. बोल्ट फक्त मध्य धरून ठेवतो. भार टेफ्लॉनने घ्यायचा.

फाइंडरचा पाया

बैठक स्थिर झाली की लगेच लक्षात येतं की फाइंडर हलतोय. याचं मूळ कारण भूमितीचं आहे: पायाची पट्टी सपाट आणि नळी गोल, म्हणून पट्टी एका रेषेवर टेकून डुलते. सागवानाचा एक ठोकळा घ्या, सुमारे १० सेमी लांब आणि ४ सेमी रुंद. नळीवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून घट्ट गुंडाळा आणि ठोकळा त्यावर लांबीच्या दिशेने घासत राहा. वीस-पंचवीस मिनिटांत ठोकळ्याचं पोट नळीच्या गोलाईशी तंतोतंत जुळतं. कुठलाही लेथवाला याहून चांगलं बसवून देणार नाही. वरच्या सपाट अंगावर फाइंडरची पट्टी लावा.

नळीला नवीन भोकं पाडायची असतील तर आधी आरसा त्याच्या खोबणीसकट बाहेर काढा, कापडात गुंडाळा आणि दुसऱ्या खोलीत ठेवा. ‘एकच तर भोक आहे’ असं म्हणून मी तो आत ठेवला होता. पत्र्याचा चुरा आरशावर पसरला आणि पुसायच्या नादात दोन ओरखडे कायमचे पडले. भोकाची जागा सेंटर पंचने खुणा, आधी ३ मिमीचं ड्रिल, मग पूर्ण मापाचं, आणि कडेची कूस कानशीने काढा. आतून रुंद वायसर लावा, नाहीतर पातळ पत्रा बोल्टखाली वाटीसारखा दबतो. नळीच्या आत डोकावणारा बोल्ट जेवढ्यास तेवढा ठेवा आणि टोकाला काळा रंग द्या.

आटे जुळत नाहीत तेव्हा

हार्डवेअरच्या दुकानात सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. कॅमेरा तिपाईचा बोल्ट पाव इंची असतो, इंचाला २० आटे. दुकानदार त्याला ‘दोन सूत’ म्हणेल, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्या शेजारच्या डब्यात एम ६ असतो: व्यास ६ मिमी, आट्यांमधलं अंतर १ मिमी. पाव इंचीत तेच अंतर १.२७ मिमी. दिसायला जुळे भाऊ, पण एम ६ पाव इंची भोकात दोन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर केलात तर ॲल्युमिनियमचे आटे सोलून काढतो. आपल्याकडे दोन सुती बोल्ट बहुतेक व्हिटवर्थ आट्यांचा मिळतो. त्याचेही इंचाला २०च आटे, फक्त आट्याचा कोन ६० ऐवजी ५५ अंश. चार-पाच फेऱ्यांच्या कामाला तो चालून जातो.

स्वतः आटे पाडणार असाल तर एम ६ साठी ५ मिमी, एम ५ साठी ४.२ मिमी आणि पाव इंचीसाठी ५.१ मिमीचं ड्रिल लागतं. टॅपवर (आटे पाडायच्या हत्यारावर) रॉकेलचा थेंब, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.

ज्यांच्याकडे चांगलं माउंट आहे आणि फक्त नळीखालची पट्टी बदलायची आहे, त्यांनी १० मिमीपेक्षा पातळ ॲल्युमिनियम घेऊ नये. प्रचलित लहान पट्टी तळाशी ४४ मिमीच्या आसपास रुंद असते आणि तिच्या कडा ७५ अंशांत उतरत्या. हा उतार कानशीने काढायच्या फंदात पडू नका. मिलिंग मशीन असलेल्या वर्कशॉपला जुनी पट्टी नमुना म्हणून द्या.

शेवटचा हात आणि पहिली रात्र

प्लायला पाणी लागतं ते कडेतून. सगळ्या कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून सीलर किंवा पातळ केलेल्या पॉलियुरेथेनचे तीन हात द्या, बोल्टच्या भोकांच्या आतूनसुद्धा. सपाट भागाला दोन पुरे. कोकणात राहत असाल तर स्टीलचे स्क्रू स्टेनलेसच घ्या, खारा वारा काळ्या स्क्रूंना एका वर्षात खातो.

पहिली चाचणी दिवसा, दूरच्या मोबाइल टॉवरवर घ्या आणि सूर्याच्या बाजूला नळी अजिबात वळवू नका. फाइंडरलाही टोपण लावून ठेवा. नळी सोडल्यावर वर किंवा खाली घसरते का बघा. पुढे झुकत असेल तर पेटीतून दोन सेमी मागे सरकवा. जड आयपीस लावल्यावरच झुकत असेल आणि नळी लोखंडी असेल, तर मागच्या टोकाला एक-दोन चुंबकं चिकटवा. बाजूला डुलत असेल तर मोकळ्या ३ मिमी फटीत टेफ्लॉनची पातळ चकती लावा.

आयपीस आता डोक्यावरच्या आकाशासाठी साधारण मीटरभर उंचीवर येतो. दुर्बीण टेबलावर चढवायचा मोह होईल; टेबल हलतं, आणि आपण परत तिथेच. तुम्हीच खुर्चीवर बसा, क्षितिजाकडे बघताना पाटावर. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून लांब बसा. पंप सुरू झाला की स्लॅब थरथरतो आणि तुम्ही उगाच आपल्या सुतारकामाला शिव्या घालता. नमुना प्रत्यक्ष बघायचा असेल तर पुण्यातली १९४४ सालची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्या आकाशदर्शनाला जा. तिथे दुर्बीणवाल्याला वरून बघण्याआधी खाली वाकून टेफ्लॉनचे तुकडे कुठे लावलेत ते विचारा, तो खूश होतो.

आठवडाभराने सगळे स्क्रू एकदा पाव-पाव फेरा आवळा, लाकूड बसतं तसे ते सैल होतात. पुन्हा चंद्राची कड आणा, टिचकी मारा, सेकंद मोजा. माझा आकडा सातवरून दीडवर आला होता. तुमचा तीनच्या वर राहिला तर आधी समोरच्या फळीचे स्क्रू बघा. दहातल्या आठ वेळा तिथेच फेविकॉल सुटलेला असतो.